दीडशे कॅरेट

"आमच्या गाडीत दीडशे कॅरेट बसतात," तो म्हणाला. आठ-नऊ वर्षांचा असेल. अंगात शाळेचा गणवेश, पाय अनवाणी, आणि एक हात पिकअपच्या फाळक्यावर असा ठेवलेला की गाडी त्याच्याच नावावर आहे. "शेजारच्यांच्यात ऐंशीच बसतात. पप्पांनी पाटे चढवलेत ना." कॅरेट म्हणजे टोमॅटो भरायचे क्रेट, आणि पाटे म्हणजे मागच्या चाकांवरच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पोलादी पट्ट्या. त्याचे वडील तेव्हा माझ्या चुलतभावाला केबिनमधला नवा स्टिरिओ दाखवत होते. त्यांनी मान वळवली, क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज न चढवता म्हणाले, "ए, आत जा. आजीने बोलावलंय." पोरगा गेला. आजीने बोलावलेलं नव्हतं हे त्यालाही माहीत होतं. जाताना त्याने फाळक्याची साखळी नीट अडकवली, मगच गेला. गाडी बघून होऊन, व्यवहार होऊनही बराच काळ लोटला, तरी त्या पोराचा चेहरा माझ्या मनातून जात नाही. त्याने आम्हाला जे सांगितलं ते त्याच्या दृष्टीने बापाचं कौतुक होतं. आमच्या दृष्टीने ती गाडीची सगळ्यात मोठी खोट होती.

आळेफाट्याच्या अलीकडे, कालव्याच्या कडेच्या एका वस्तीवर ही गाडी होती. बोलेरो पिकअप, 2021ची, बीएस सहा, म्हणजे धुराच्या नव्या नियमांप्रमाणे बनवलेली. आमच्या धाकट्या चुलतभावाला टोमॅटो आणि कांद्याच्या भाड्यांसाठी पिकअप हवी होती. नव्या गाडीचा हप्ता झेपणारा नव्हता, म्हणून तो मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत बसायचा आणि मला फोटो पाठवायचा. त्या जाहिरातींची एक ठरलेली भाषा आहे. एक्स्ट्रा पाटे, बॉडी हाइट वाढवलेली, पुढे एलईडी बार, प्रेशर हॉर्न, रुंद टायर, कंडिशन टकाटक, फक्त घ्यायची आणि पळवायची. यातली प्रत्येक गोष्ट विकणारा किमतीत धरतो. पाट्याचे एवढे, बॉडीचे एवढे, टायरचे एवढे. घेणाराही ते मुकाट मान्य करतो, कारण हे सगळं आपल्याला पुढे करावंच लागणार आहे, आयतं मिळतंय तर बरंच, असं त्याला वाटतं. धाकट्यालाही तसंच वाटत होतं. मला तसं वाटलं नाही, आणि त्याचं कारण माझे वडील.

अण्णा फिटर होते. नाशिक रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं, आणि 1980च्या दशकात आमच्या अंगणात आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्यातून आलेल्या मॅटाडोरची रांग असायची. दुधाचे कॅन, द्राक्षाच्या पेट्या, लग्नाचं वऱ्हाड, सगळं मॅटाडोरमध्ये. पुढे प्यूजोच्या डिझेल इंजिनांच्या महिंद्रा जीपा आल्या, मग कमांडर आणि मार्शल आल्या, ज्यांच्या मागे, बाजूला आणि टपावर माणसं बसायची. अण्णांचं आयुष्य गेलं ते मुख्यतः माणसांनी गाड्यांवर टाकलेल्या ओझ्याची दुरुस्ती करण्यात. तुटलेली कमान, वाकलेला एक्सल, फुटलेलं हौसिंग. मी शाळेतून आले की दप्तर ठेवायच्या आधी गाडीखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्याच्या तोंडाशी उभी राहून टॉर्च धरायचे. जळक्या ऑइलचा, गंजलेल्या पत्र्याचा आणि अण्णांच्या तंबाखूचा मिळून एक वास त्या खड्ड्यातून वर यायचा. अजूनही कुठल्या गाडीखाली वाकले की तो वास आधी आठवतो आणि मग गाडी दिसते. आता अण्णांनी सत्तरी ओलांडली आहे, गुडघे वाकत नाहीत, पण धाकट्याने गाडी बघायला चला म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून पिशवी भरली. पिशवीत टॉर्च, एक जुना स्क्रूड्रायव्हर, पांढऱ्या धोतराचा फाटका तुकडा आणि शाळेत वापरतात तो खडू. खडू कशाला, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं, आणि खूप वर्षांनी तो प्रयोग परत बघायला मिळणार म्हणून मी मनातून खूश होते.

आधी दीडशे कॅरेटचा हिशोब. टोमॅटोचं भरलेलं कॅरेट वीस किलोचं. दीडशे कॅरेट म्हणजे तीन टन माल, रिकाम्या कॅरेटचं वजन वेगळंच. गाडीच्या आरसीवर दोन वजनं छापलेली असतात, एक रिकाम्या गाडीचं आणि एक भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त. त्यांची वजाबाकी केली की गाडीला किती माल झेपतो ते कळतं. या गाडीची वजाबाकी दीड टनाच्याही थोडी आत येत होती. म्हणजे त्या पोराच्या कौतुकाचा अर्थ असा की ही गाडी वर्षानुवर्षं दुप्पट ओझं घेऊन वाशीच्या मार्केटला गेलेली होती, माळशेज घाट उतरून, पावसाळ्यातसुद्धा.

मागच्या चाकांवरच्या कमानीत कंपनी ठरावीक पाटे देते. गाडी भरली की हे पाटे सपाट होतात, मागचा भाग खाली बसतो, ड्रायव्हरला स्टिअरिंग हलकं लागायला लागतं, रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात. हे सगळं म्हणजे गाडीने दिलेली सूचना असते की आता पुरे. वर दोन पाटे जास्तीचे चढवले की मागचा भाग खाली बसतच नाही. गाडी भरलेली असूनही ताठ उभी राहते आणि बघणाऱ्याला वाटतं, झेपतंय की. पण एक्सल तोच आहे, त्यातले बेअरिंग तेच, चेसिस तीच, चाकाचे नट तेवढेच. ताप उतरायची गोळी घेऊन उसाच्या फडात कामाला जावं तसं हे आहे. अंगातलं दुखणं जागच्या जागी असतं, फक्त ते बोलायचं थांबतं.

आणि ब्रेकचं काय होतं, ते तर फार कमी लोकांच्या लक्षात येतं. अनेक मालवाहू गाड्यांत मागच्या एक्सलजवळ एक लहानसा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी एक्सलला जोडलेली. गाडी रिकामी असताना मागच्या चाकांवर वजन नसतं, जोरात ब्रेक मारला तर ती घसरतील, म्हणून हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला दाब कमी देतो. गाडी भरली, मागचा भाग खाली आला, की एक्सल आणि चेसिस यांच्यातलं अंतर कमी होतं, दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला पूर्ण दाब सोडतो. आता जास्तीच्या पाट्यांनी मागचा भाग खाली येऊच दिला नाही, तर त्या व्हॉल्व्हला काय कळणार? त्याच्या लेखी गाडी रिकामीच. तीन टन टोमॅटो मागे, समोर घाटातलं वळण, आणि थांबवायचं बहुतेक काम पुढच्या दोन चाकांवर.

पाटे चढतात, ब्रेक मात्र तेवढेच राहतात.

अण्णांनी गाडीला हात लावायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारली. बोलले काहीच नाहीत. विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. त्याने ते पाळलं होतं, आणि मला तिथेच त्या माणसाबद्दल बरं वाटलं. डिझेल गाडीचं खरं रूप ती गार असतानाच दिसतं. इंजिन आधीच तापवून ठेवलं की पहिल्या स्टार्टचा धूर, किती वेळ सेल्फ मारावा लागतो, सुरुवातीची खडखड, सगळं लपून जातं. किल्ली फिरवताना अण्णांनी धाकट्याला थांबवलं आणि मीटरमधले दिवे बघायला लावले. सगळे दिवे पेटले, इंजिनाचा पिवळा दिवासुद्धा पेटला, आणि सुरू झाल्यावर विझला. जो दिवा पेटतच नाही तो दिवा जास्त वाईट, कारण मग तो कुणीतरी गप्प केलेला असतो. आधी एका सेकंड हँडच्या यार्डात बघितलेल्या गाडीत तसंच होतं. तिथे इंजिनाचा दिवा पेटलाच नाही, आणि विकणारा म्हणाला, बल्ब गेला असेल.

गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. थोडा पांढरा धूर आला, लगेच निवळला. पांढरा धूर रेंगाळत राहिला तर पाणी किंवा न जळलेलं डिझेल, निळसर आला तर ऑइल, काळा आला तर डिझेल जास्त आणि हवा कमी. हे लहानपणी मी पाढ्यांसारखं पाठ केलेलं. अण्णांनी ऑइल भरायचं झाकण उघडून भोकावर नुसतं टेकवून ठेवलं. इंजिन बॅक मारत असेल, म्हणजे पिस्टनच्या बाजूने दाब खाली निसटत असेल, तर ते झाकण थयथय नाचतं. हे जागेवरच थरथरत राहिलं. मग अण्णा सायलेन्सरच्या मागे गेले, धोतराचा तुकडा बोटाला गुंडाळला आणि नळीच्या आतून फिरवला. बीएस सहा डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडीची ओढ वाढवून देतो म्हणून जे लोक इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करतात, ते बरेचदा हा फिल्टरही कापून आत रिकामी नळी जोडतात. बाहेरून काहीच दिसत नाही. पण मग नळीत काजळी साठते. यार्डातल्या गाडीच्या नळीतून कापड कोळशासारखं काळं होऊन बाहेर आलं होतं आणि अण्णा तिथूनच माघारी फिरले होते. इथे कापड बाहेर आलं तेव्हा त्याच्यावर राखाडी धूळ होती, एवढंच. अण्णांनी ते मला दाखवलं. "इंजिनाला हात लावलेला नाही गं," असं म्हणताना त्यांच्या आवाजात जी सुटका होती, ती मी ओळखते. आजारी माणसाला तपासताना एखादी मोठी शंका खोटी ठरावी, तेव्हाचा तो आवाज.

पण चेसिस काळ्या रंगाने चकचकत होती. वर बॉडीच्या पत्र्याला पोपडे आणि खाली चेसिसला ताजा रंग, हे कधीच चांगलं लक्षण नाही. अण्णांना खाली जाता येत नव्हतं, म्हणून मी गेले. पोत्यावर आडवी झाले, टॉर्च दातात धरला आणि त्यांनी सांगितलं तिथे, मागच्या कमानीचं ब्रॅकेट चेसिसला जिथे जोडलेलं असतं तिथे, स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडला. दोन्ही बाजूंनी. मग डिझेलमध्ये बुडवलेलं कापड त्या जागेवर घासलं, काही वेळ तसंच राहू दिलं, कोरड्या कापडाने अगदी स्वच्छ पुसलं आणि त्यावर खडू घासून पांढरं केलं. आता फक्त वाट बघायची. लोखंडाला भेग असेल तर तिच्यात शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. पूर्वी हे काम आम्ही रॉकेलवर करायचो. उजव्या बाजूला काही उमटलं नाही. डाव्या बाजूला पांढऱ्यावर आधी एक ठिपका आला, मग त्या ठिपक्याला खाली शेपूट फुटलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर करंगळीच्या पेराएवढी केसासारखी बारीक रेघ तयार झाली. ती ब्रॅकेटला होती. चेसिसच्या लांब पट्टीपर्यंत गेलेली नव्हती. मी तीन वेळा खडू पुसून, परत घासून खात्री केली. ब्रॅकेट बदलता येतं. चेसिसला भेग असती तर मी पोत्यावरून उठून सरळ आम्ही आलो त्या गाडीत जाऊन बसले असते.

मग पुढची चाकं. ब्रेकच्या डिस्कच्या कडेवर बोट फिरवलं तर नख अडेल एवढी धार आलेली, आणि मधल्या भागात खाचा. पॅड संपत आलेले. ब्रॅकेटसाठी गाडी तशीही जवळच्या गॅरेजवर न्यायची होती. तिथे विकणाऱ्याच्या परवानगीने मागचे ड्रम उघडले, तर आतले लायनर जवळपास नव्यासारखे. गॅरेजवाला मुलगा खुशीत म्हणाला, "मागचे ब्रेक एकदम ओके आहेत, अजून खूप चालतील." अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे फक्त एक नजर टाकली. इतकी चाललेली गाडी, आणि मागचे ब्रेक झिजलेच नाहीत.

बदल केलेल्या गाड्यांबद्दल मला राग येत नाही. उलट कारागिरी मला आवडते. या गाडीची बॉडी वाढवणाऱ्या माणसाने अँगलचे सांधे इतके सफाईने जोडले होते की वेल्डिंगचे टाके मोजत बसावं. हौद्याच्या कडेला कॅरेट घासून फुटू नये म्हणून जुन्या कन्व्हेअरच्या पट्ट्याचं रबर ठोकलं होतं. ताडपत्रीचे हुक अशा उंचीवर होते की एकट्या माणसाला दोरी आवळता यावी. हे सगळं कुणीतरी गरज बघून, विचार करून केलेलं होतं. पण म्हणूनच अशी गाडी बघताना प्रत्येक बदलाला एकच प्रश्न विचारायचा असतो: तू कशासाठी आलास? रबर आलं मालाच्या काळजीने. हुक आले क्लीनरचा पगार परवडेना म्हणून. पाटे आले ते भाडं परवडेना म्हणून. गाडी आपल्या नावावर झाली की ही कारणंही आपल्या नावावर होतात. धाकट्याला मी हे सांगत होते, तेव्हा त्याला ते फारसं पटल्याचं दिसलं नाही. तो तेवीस वर्षांचा आहे आणि एलईडी बार त्याला मनापासून आवडला होता.

कायदा तर याबाबतीत स्पष्टच आहे. कंपनीने जशी बनवली आणि नोंदणीत जशी आहे, तिच्यापेक्षा वेगळा मूलभूत बदल गाडीत करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमात आहे आणि जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. जास्तीच्या वजनाला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. टोमॅटो रस्त्याच्या कडेला उन्हात उतरवून ठेवणं म्हणजे काय ते टोमॅटोवाल्यालाच कळेल. आणि अपघात झालाच, तर विम्याचा सर्व्हेअर कमानही मोजू शकतो. मग अशा गाड्या पासिंगला कशा जातात? मी विकणाऱ्याला सरळ विचारलं. त्यानेही सरळ उत्तर दिलं. पासिंगच्या आधी पाटे उतरवायचे, फळ्या काढायच्या, पासिंग झालं की परत चढवायचे. "सगळेच करतात, ताई." त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, फुशारकीही नव्हती.

गॅरेजवरून परतताना अण्णांनी गाडी वजनकाट्यावर घ्यायला लावली. रिकामी. विकणाऱ्याला हे कळेना. भरलेली गाडी काट्यावर नेतात, रिकामी कशाला? पावती आली तेव्हा त्यालाही नवल वाटलं. आरसीवरच्या रिकाम्या वजनापेक्षा काट्यावरचा आकडा सव्वादोनशे किलोंनी जास्त होता. अँगल, जाड पत्रा, पाटे, लोखंडी बंपर. म्हणजे एकही कॅरेट भरायच्या आधी अकरा कॅरेटचं ओझं गाडीवर कायमचं बसलेलं. मूळ दीड टन क्षमतेतून तेवढं वजा. जुनी पिकअप घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे कळकळीने सांगेन: इंजिन ऐका, धूर बघा, सगळं करा, पण गाडी रिकामी काट्यावर घ्या. काट्याच्या पावतीला पैसे किरकोळ लागतात, आणि ज्याने बदल केले त्यालाही जे माहीत नसतं ते ती पावती सांगते.

काट्याशेजारच्या टपरीवर चहा घेताना तो माणूस बोलायला लागला. 2023च्या जुलैत नारायणगावात टोमॅटोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता, ते दिवस. रात्री-अपरात्री फोन यायचे, आत्ता ये, उद्या भाव राहणार नाही. एका खेपेत जेवढा माल जाईल तेवढा नेण्यासाठी लोक भांडायचे. तेव्हा त्याने उसने पैसे घेऊन बॉडी वाढवली, पाटे चढवले. गणपतीपर्यंत भाव धाडकन खाली आला. मग उलटं झालं. ज्यांना माल तोडायची मजुरीही परवडत नव्हती ते कॅरेटमागे भाडं घासाघीस करायला लागले, आणि तेवढ्याच पैशांसाठी याला तेवढाच जास्त माल न्यावा लागला. आधी भाव चढा म्हणून दीडशे, नंतर भाव पडला म्हणून दीडशे. "ऐंशी कॅरेटवर परत यायला जमलंच नाही," तो म्हणाला. मग एका पावसाळी रात्री घाटात गाडी वेळेवर थांबली नाही, कठड्याच्या अगदी अलीकडे थांबली, आणि घरी आल्यावर त्याच्या आईने सांगितलं, गाडी विक. हे त्याने आपणहून सांगितलं, विकणाऱ्याने कधी सांगू नये असं. सांगून झाल्यावर त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "मग, काय द्याल?"

भाव ठरवायला बसण्याआधी अण्णांनी धाकट्याला बाजूला घेतलं. "पोराचं बोलणं मध्ये आणायचं नाही. घाटाचंही नाही. आपल्या हाताला जे लागलं तेवढंच बोलायचं." धाकटा म्हणाला, "अहो अण्णा, पण त्यांनीच सांगितलंय की." "तरी नाही," अण्णा म्हणाले. मग चटईवर बसून त्यांनी ब्रॅकेटची भेग, डिस्क, पॅड आणि काट्याची पावती एवढ्याच गोष्टी पुढे ठेवल्या. पाट्यांची आणि बॉडीची किंमत त्यांनी धरली ती उणे बाजूला, कारण ते उतरवायला मजुरी लागणार होती. विकणारा चिडेल असं मला वाटलं होतं. तो बराच वेळ पावतीकडे बघत राहिला, मग म्हणाला, पाटे मीच उतरवून देतो, भंगाराचे पैसे माझे. त्यावर अण्णा पहिल्यांदा हसले. मला मात्र त्या सगळ्या वेळात आतल्या खोलीच्या दाराआडून डोकावणारं डोकं दिसत होतं. आम्ही त्याचं वाक्य वापरलं नाही, हे खरं. पण मी चेसिसखाली शिरले तेव्हा रंग नेमका कुठे खरवडायचा, हे अण्णांनी त्या वाक्यावरूनच ठरवलं होतं. इसाराचे पैसे दिले तेव्हा तो पोरगा बाहेर आला आणि त्याने धाकट्याला विचारलं, "तुम्ही पण वाशीला नेणार?" धाकटा हो म्हणाला. पोराला बरं वाटलं असावं. मला त्याचा भार वाटला, अजून वाटतो.

कागदांचं काम फार रेंगाळलं नाही. गाडीवर बँकेचा बोजा होता, तो फिटल्याचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय उरलेले पैसे द्यायचे नाहीत, एवढा एकच मुद्दा आम्ही ताणून धरला. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30वर सह्या झाल्या, थकलेले चलान त्याने आमच्यासमोर भरले, चेसिस नंबर मी स्वतः खडू फिरवून वाचला आणि आरसीशी ताडून बघितला. आकडे एका रेषेत होते, कुठे घासल्याची खूण नव्हती.

पाटे उतरल्यावर गाडी मागून बसकी दिसायला लागली. खरं तर ती आता मूळ उंचीवर आली होती, पण इतके दिवस ताठ बघितल्यामुळे धाकट्याला ती आजारी वाटली. बॉडी कापून मूळ मापाची केली तेव्हा तर तो गॅरेजवर थांबलाच नाही. एलईडी बार अण्णांनी काढायला लावला, आणि मी मध्ये पडले नाही. नवे पॅड आणि डिस्क, नवं ब्रॅकेट, व्हॉल्व्हची दांडी मापाप्रमाणे लावून घेतली. मग शेतातल्या मातीची पोती भरून, आरसीप्रमाणे जेवढा झेपतो तेवढाच भार घेऊन, आम्ही ओतूरच्या रस्त्याला चाचणी घेतली. धाकट्याने ब्रेक मारला तेव्हा गाडीने नाक खाली न खुपसता चारही चाकांवर बसकण मारली. तो आश्चर्याने म्हणाला, "अगं ताई, ही मागून पण धरते!"

आता तो सत्तर कॅरेट नेतो. भाडं कॅरेटमागे मिळतं, डिझेल आणि टोल खेपेमागे जातो. त्याच्याच गावातली दुसरी पिकअप दीडशे नेते आणि त्यामुळे कॅरेटमागे दोन रुपये कमी घेऊ शकते. बागायतदार दोन रुपये बघणारच, त्यांना दोष कसा द्यायचा? गेल्या आठवड्यात धाकट्याचा अण्णांना फोन आला होता, मी शेजारीच बसले होते. सीझनपुरता एक पाटा चढवला तर चालेल का, फक्त एकच, नंतर उतरवतो. अण्णांनी नाही म्हणायच्या आधी त्याला सगळा हिशोब विचारला. हप्ता किती, डिझेल किती, परतीचं भाडं मिळतं का, दोन जणांनी मिळून आलटून-पालटून खेप लावली तर. वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले, खोडले, परत मांडले. परतीला वाशीहून किराणा किंवा रिकामी कॅरेटं मिळाली तर बसतं, नाही मिळाली तर महिन्याला थोडं कमी पडतं, असं निघालं. कमी पडणारे पैसे या हंगामापुरते मी देते, असं मी म्हणाले. धाकट्याला ते आवडलं नाही. बहिणीच्या पैशावर गाडी चालवायची म्हणजे काय, असं त्याला वाटलं. परतीच्या भाड्यासाठी तो आता मार्केटमधल्या दोन गाळ्यांवर बोलून आला आहे, त्यांनी सोमवारी कळवतो म्हटलंय. पाटा अजून तरी चढलेला नाही.